गायकवृंदातील गिटार आणि डिजिटल यंत्र : नाद सुधारावा कसा?



२२ नोव्हेंबर हा संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिचा सण. योगायोग असा की, पवित्र संगीतासंबंधीचे आपले प्रसिद्ध आज्ञापत्र संत दहावे पायस यांनी १९०३ साली याच दिवशी प्रसृत केले होते. हा सण आला की धर्मग्रामाधर्मग्रामांतून नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू होतात. पेटी आणि तबला बाहेर निघतो, व्हायोलिनच्या तारा जुळवल्या जातात, की-बोर्डवरची धूळ झटकली जाते. या जुन्या सोबत्यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. गिटार वाजवणाऱ्या युवकाच्या पायाशी एक लहानशी पेटी असते, तिच्यावर दोन-चार कळा आणि एक उजळ पडदा असतो. पूर्वी गिटारसाठी जो जड अॅम्प्लिफायर दोघांनी उचलून आणावा लागे, त्याचे काम ही पेटी करते. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून निघालेली वायर थेट चर्चच्या साउंड सिस्टीमला जोडली जाते.

या पेटीविषयी एका वार्तापत्रात लेख का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

मागील वर्षी एका धर्मग्रामात सणाच्या मिस्सेसाठी आम्ही गेलो होतो. मिस्सा संपल्यावर एक वयोवृद्ध आजी आम्हाला म्हणाल्या, "फादर, गाणी छान असतील हो, पण एक शब्द कळला असेल तर शपथ!" त्यांचे म्हणणे खरे होते. गिटारचा आवाज इतका कर्कश आणि इतका पसरलेला होता की, स्तोत्राचे शब्द त्यात बुडून गेले होते. पुढे कळले की ही तक्रार एकट्या आजींची नव्हती. धर्मग्राम परिषदेपुढे गिटार बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. वाजवणाऱ्या युवकाने पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून ते यंत्र घेतले होते. गिटार बंद झाली तर तो जाणार होता आणि त्याच्यासोबत त्याचे चार-पाच मित्रही गायकवृंद सोडणार होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर, आम्हीही मनातून बंदीच्याच बाजूचे होतो. तथापि निर्णय होण्यापूर्वी प्रमुख धर्मगुरूंनी आम्हाला त्या युवकासोबत एकदा बसण्याची विनंती केली. सेमिनरीत संगीताचे थोडेबहुत शिक्षण घेतले असल्याने आम्ही ती मान्य केली. एका शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये आम्ही दोघांनी तीन तास घालवले. त्या तीन तासांत आणि त्यानंतरच्या वाचनात जे उमगले, ते इतर गायकवृंदांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

यंत्र नेमके काय करते?

विद्युत गिटारचा आवाज गिटारमध्ये तयार होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो निम्माच खरा आहे. गिटारच्या तारांखाली असलेले चुंबकीय पिकअप तारांचे कंपन क्षीण विद्युत् लहरींत बदलतात. त्या लहरी अॅम्प्लिफायरमधील व्हॉल्व्हमधून जातात, तेथे त्यांना किंचित खरखरीत, उबदार वळण मिळते आणि मग त्या मोठ्या लाकडी खोक्यात बसवलेल्या स्पीकरमधून बाहेर पडतात. या खोक्याला कॅबिनेट म्हणतात. गिटारचा जो नाद आपल्या कानांना परिचित आहे, तो गिटार, अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्पीकरसमोर ठेवलेला मायक्रोफोन, या चौघांचा मिळून बनलेला आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आलेला व्हॉक्स एसी-३०, १९६२ साली लंडनमध्ये तयार झालेला पहिला मार्शल आणि त्याच सुमारास अमेरिकेत आलेला फेंडर ट्विन रिव्हर्ब या अॅम्प्लिफायरांनी तो नाद जगाच्या कानांत रुजवला.

डिजिटल यंत्र या संपूर्ण साखळीची गणिती प्रतिकृती करते. रोलँड कंपनीचे व्हीजी-८ हे यंत्र १९९५ साली आले. लाइन सिक्स या कंपनीची पॉड नावाची लाल रंगाची पेटी १९९८ साली आली आणि हे तंत्र घरोघरी पोहोचले. त्यानंतर २००६ साली फ्रॅक्टल ऑडिओचे अॅक्स-एफएक्स, २०११ साली प्रत्यक्ष अॅम्प्लिफायरचा नाद टिपून घेणारे केंपर, २०१५ साली हेलिक्स आणि २०२१ साली यंत्रशिक्षणाचा वापर करणारे क्वाड कॉर्टेक्स अशी प्रगती होत गेली. आज स्वस्त यंत्रांतही बऱ्यापैकी प्रतिकृती मिळते. म्हणूनच आवाज वाईट येत असेल, तर दोष यंत्राच्या किमतीत असण्यापेक्षा ते वापरण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता अधिक असते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक : कॅबिनेट

त्या शनिवारी सर्वप्रथम आम्ही यंत्र कोठे जोडले आहे, हे पाहिले. ते चर्चच्या मिक्सरला जोडलेले होते. परंतु यंत्राच्या आतील मांडणीत मात्र ते "गिटार अॅम्प्लिफायरला जोडले आहे" असे नोंदवलेले होते. मित्राच्या घरी तालीम करताना ती नोंद केली होती आणि ती तशीच राहिली होती. सगळ्या कर्कशपणाचे मूळ तेथे होते.

कारण समजून घेणे आवश्यक आहे. गिटारसाठी बनवलेला स्पीकर सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर टाकतच नाही. व्हॉल्व्हमधून निघालेल्या खरखरीचा तीक्ष्ण भाग तो जणू गाळून घेतो. चर्चचे स्पीकर मात्र बोलणे आणि गाणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी बनवलेले असतात. ते त्याच्या कितीतरी वरचे ध्वनीही प्रामाणिकपणे बाहेर पोहोचवतात. यंत्रातील कॅबिनेटची प्रतिकृती बंद असेल, तर ती न गाळलेली खरखर जशीच्या तशी श्रद्धावंतांच्या कानांवर आदळते. डब्यात कोंडलेल्या माशीच्या गुणगुणीसारखा तो आवाज येतो.

म्हणून नियम सोपा आहे. यंत्र मिक्सरला किंवा हेडफोनला जोडले असेल, तर कॅबिनेटची प्रतिकृती चालू असली पाहिजे. यंत्र खऱ्या गिटार अॅम्प्लिफायरच्या पुढच्या तोंडाला जोडले असेल, तर ती बंद असली पाहिजे, नाहीतर दोन कॅबिनेट एकापुढे एक येऊन नाद गोधडीखालून आल्यासारखा दबका येतो. बहुतेक यंत्रांत ही निवड मुख्य मांडणीत एकदाच करावी लागते. प्रत्येक तालमीपूर्वी ती पाहण्याची सवय लावून घ्यावी.

कॅबिनेटचा प्रकार बदलून पाहणे हा नाद सुधारण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, असेही आमच्या लक्षात आले. युवक मंडळी अॅम्प्लिफायरची नावे बदलण्यात तासन्‌तास घालवतात. परंतु तोच अॅम्प्लिफायर ठेवून केवळ कॅबिनेट बदलले, किंवा त्यापुढील काल्पनिक मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून थोडा कडेला सरकवला, तरी नादाचा स्वभाव पालटतो. मध्यावर नाद तीक्ष्ण असतो, कडेला तो मऊ होतो. भक्तिगीतांना बहुधा कडेचा नाद मानवतो.

यंत्रापूर्वीची काळजी

यंत्रात जे जाईल तेच सुधारून बाहेर येईल. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात आणि मेलेल्या तारांतून कोणतेही यंत्र जिवंत नाद काढू शकत नाही. सणापूर्वी तीन-चार दिवस आधी नव्या तारा घालाव्यात, म्हणजे त्या ताणून स्थिर होतील. वाजवून झाल्यावर सुक्या कापडाने तारा पुसाव्यात. स्वर जुळवण्यासाठी यंत्रातच सोय असते, तिचा उपयोग मिस्सेपूर्वी आवाज बंद ठेवून करावा. प्रवेशगीताच्या आधी तारा जुळवण्याचा टणत्कार सर्व चर्चने ऐकण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट यंत्राच्या प्रवेशद्वाराची. जोरकस पिकअप असलेली गिटार यंत्राच्या मर्यादेपेक्षा मोठा प्रवाह आत ढकलू शकते. व्हॉल्व्हवर अधिक भार आला तर तो हळूहळू खरखरतो आणि ते कानाला गोडही वाटते. डिजिटल यंत्रावर भार आला तर लाट वरून करवतीने कापल्यासारखी सपाट होते आणि तडतड ऐकू येते. यंत्रावर लाल दिवा लागत असेल, तर आत येणारी पातळी कमी करावी. सर्वांत जोराने वाजवूनही तो दिवा लागता कामा नये.

ज्यांच्याकडे पिकअप बसवलेली लाकडी, म्हणजे अकूस्टिक गिटार आहे, त्यांनी विद्युत गिटारच्या अॅम्प्लिफायरची प्रतिकृती बंदच ठेवावी. अशा गिटारला पिएझो प्रकारचा पिकअप असतो आणि त्याचा नाद मुळातच कोरडा, टकटकीत असतो. त्याच्यावर व्हॉल्व्हची खरखर चढवली की दोन्ही बिघडतात. यंत्रात अकूस्टिकसाठी स्वतंत्र सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर केवळ नादाची पट्टी थोडी सुधारून वायर मिक्सरला द्यावी.

खरखर किती असावी?

गेन नावाची कळ खरखर वाढवते. घरी एकट्याने वाजवताना जास्त गेन सुखावतो, कारण त्यामुळे बारीकसारीक चुका झाकल्या जातात आणि प्रत्येक स्वर लांबतो. गायनाच्या साथीला मात्र तो घातक ठरतो. याचे एक शास्त्रीय कारण आहे. दोन स्वर एकत्र खरखरीतून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे असे नवेच ध्वनी निर्माण होतात. केवळ षड्ज आणि पंचम वाजवले, तर हे नवे ध्वनी बऱ्याच अंशी सुरात बसतात. रॉक संगीतात दोन स्वरांचे आघात का लोकप्रिय आहेत, याचे उत्तर यातच आहे. परंतु आपले गिटारवादक सहा तारांचे संपूर्ण कॉर्ड वाजवतात. त्यात गांधारही असतो. मग बेसूर ध्वनींचा असा चिखल होतो की, गाणाऱ्याला आपला सूर सापडत नाही.

उपाय असा की, आपल्याला योग्य वाटतो त्यापेक्षा गेन निम्म्याने कमी करावा. साथीसाठी फेंडरच्या धर्तीची स्वच्छ प्रतिकृती निवडावी. सणाच्या गीताला थोडी धार हवी असेल, तर व्हॉक्सच्या धर्तीची प्रतिकृती घ्यावी आणि तिचा गेन इतकाच ठेवावा की, हलके वाजवल्यास नाद स्वच्छ राहील आणि जोराने वाजवल्यासच किंचित खरखरेल. मग नादाची सूत्रे यंत्राकडून पुन्हा वादकाच्या बोटांकडे येतात. गिटारवरील आवाजाची कळही यासाठीच आहे. ती थोडी मागे घेतली की खरखर आपोआप ओसरते.

घरचा नाद चर्चमध्ये का बिघडतो?

त्या युवकाने आपले सर्व नाद रात्री हेडफोन लावून, हळू आवाजात तयार केले होते. ते तेथे अतिशय सुरेख लागत होते. चर्चमध्ये तेच नाद घुमू लागले आणि टोचू लागले. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मानवी कानाविषयी जे दाखवून दिले, त्यात याचे उत्तर सापडते. आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्जाचे ध्वनी फार कमी ऐकू येतात आणि अगदी तीव्र ध्वनीही काहीसे कमी येतात. म्हणून हळू आवाजात नाद जुळवताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो. आवाज मोठा केला की कान दोन्ही पुरेपूर ऐकतो आणि वाढवलेले सगळे अंगावर येते.

तेव्हा नाद जुळवायचा असेल, तर तो चर्चमध्येच, चर्चच्याच स्पीकरवर आणि मिस्सेच्या वेळी असेल तितक्याच आवाजात जुळवावा. वादकाने स्वतः वाजवत न राहता दुसऱ्याला वाजवायला सांगावे आणि आपण खाली उतरून मधल्या बाकावर, मग शेवटच्या बाकावर बसून ऐकावे. त्या दुपारी युवकाला आम्ही शेवटच्या बाकावर बसवले आणि की-बोर्ड वाजवणाऱ्या मुलीने गिटारच्या तारा छेडल्या. दोन मिनिटांत तो उठून म्हणाला, "फादर, हे असं ऐकू येतं होय!" आमच्या मते त्या दिवशीची खरी दुरुस्ती त्याच क्षणी झाली.

शब्दांना वाट करून देणे

गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. त्याखाली गिटारचा उपयुक्त असा काही नाद नसतो, असते ती केवळ घरघर आणि हाताचे धक्के. म्हणून यंत्राच्या अखेरीस ८० ते १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारी गाळणी लावावी. सोबत की-बोर्डचा किंवा बेस गिटारचा खर्ज असेल, तर ती आणखी वर न्यावी. वरच्या बाजूला ५००० ते ७००० हर्ट्झच्या पुढचा भाग कापावा. या दोन कात्र्यांनी निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात.

उरलेला प्रश्न मधल्या पट्टीचा. मानवी वाणीतील व्यंजने, ज्यांच्यामुळे शब्द शब्द म्हणून कळतो, ती मुख्यत्वे २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकू येतात. "तारण" आणि "मारण" यांतील फरक करणारे ध्वनी तेच. गिटारही नेमकी तेथेच झळकू पाहते. म्हणून साथ करताना गिटारची ही पट्टी दोन-तीन डेसिबलने खाली घ्यावी आणि गायकांसाठी जागा रिकामी ठेवावी. एकट्या गिटारचा तुकडा वाजवायचा असेल, तेव्हाच ती पूर्ववत करावी. असे केल्यावर गिटार एकटी ऐकताना किंचित फिकी वाटेल, पण गायकवृंदासोबत ती नेमकी बसेल. एकटीने ऐकून सुंदर वाटणारा नाद समूहात सुंदर असेलच असे नाही, ही गोष्ट केवळ गिटारपुरती खरी नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नको.

घुमारा आणि दोन वाहिन्या

आपली जुनी चर्चेस उंच छपराची आणि दगडी भिंतींची आहेत. त्यांना स्वतःचाच घुमारा आहे. यंत्रातील रिव्हर्ब म्हणजे कृत्रिम घुमारा. तो हेडफोनमध्ये आवश्यक वाटतो, पण घुमणाऱ्या चर्चमध्ये त्याची भर म्हणजे पावसात पाणी शिंपडणे होय. रिव्हर्ब बंद करावा, किंवा नाममात्र ठेवावा. प्रतिध्वनीची सोयही शीघ्र गीतात टाळावी. येथे एक सूचना उपयोगी पडेल. रिकाम्या चर्चमध्ये जितके घुमते, तितके भरलेल्या चर्चमध्ये घुमत नाही, कारण माणसांची शरीरे आणि वस्त्रे ध्वनी शोषून घेतात. तालमीच्या वेळी किंचित जास्त घुमत असेल, तर त्यामुळे घाबरून जाऊ नये.

बहुतेक चर्चमधील साउंड सिस्टीम एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो असते. यंत्रे मात्र कोरससारखे परिणाम डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत पसरवून देतात. त्या दोन वाहिन्या मिक्सरमध्ये एकत्र केल्या की काही लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि नाद पोकळ होतो. त्यामुळे यंत्राच्या मोनो असे लिहिलेल्या एकाच जागेतून वायर काढावी आणि नाद जुळवतानाही मोनोमध्येच ऐकावा.

काही वादक तक्रार करतात की, यंत्रामुळे आवाज उशिरा येतो. चांगल्या यंत्राचा विलंब सेकंदाच्या काही हजारांश भागाइतका असतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन हजारांश सेकंदांचा विलंब म्हणजे अॅम्प्लिफायरपासून एक मीटर दूर बसण्यासारखे आहे. गायकवृंद माळ्यावर आणि मुख्य स्पीकर तीस मीटरवर वेदीजवळ असेल, तर मात्र तो ध्वनी परत कानावर येईपर्यंत सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग उलटतो. तालाची ओढाताण होते ती यामुळे. त्यावर उपाय यंत्र बदलणे हा नव्हे. गायकवृंदाजवळ एक छोटा स्पीकर ठेवून सर्वांनी त्याच्याकडे लक्ष द्यावे.

जोडणी आणि सुरक्षितता

यंत्रातून निघणारी पातळी आणि मायक्रोफोनची पातळी यांत कित्येक पटींचे अंतर असते. यंत्राची वायर मिक्सरच्या मायक्रोफोनच्या जागेत घातली आणि पातळी कमी केली नाही, तर मिक्सरच फाटका आवाज देऊ लागतो आणि दोष गिटारला लागतो. मिक्सरवर लाइन असे लिहिलेली जागा असेल तर ती वापरावी. नसेल तर यंत्रातील निर्गमाची पातळी खाली आणावी. वायर लांब न्यायची असेल, तर डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी मध्ये घालावी. तिच्यामुळे वाटेत गोळा होणारी घरघर टळते.

एकाच कॉइलचे पिकअप असलेली गिटार विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाची गुणगुण पकडते. ट्यूबलाइटचे चोक, पंख्यांचे रेग्युलेटर आणि यंत्रांचे अॅडॅप्टर यांच्यापासून थोडे दूर बसावे, थोडी दिशा बदलून पाहावी. यंत्रातील नॉइज गेट ही सोय शांततेत गुणगुण बंद करते. ती फार कडक ठेवली, तर स्वरांची शेपटे तुटतात. म्हणून ती जेमतेम लागू होईल इतकीच ठेवावी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. गुणगुण घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपया असे कधीही करू नये. गिटारच्या तारा धरलेला हात आणि मायक्रोफोनला लागलेले ओठ यांच्यामध्ये विजेचा धक्का बसू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. डीआय बॉक्सवर यासाठीच ग्राउंड लिफ्ट नावाचे बटण असते. तेच वापरावे आणि चर्चचे अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे.

ख्रिस्तसभेची दृष्टी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याचबरोबर, पवित्र उपयोगाला साजेशी, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभणारी आणि श्रद्धावंतांच्या आध्यात्मिक वाढीला उपकारक अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारता येतील, असे सांगितले. त्या दारातूनच आपल्याकडे पेटी, तबला आणि गिटार उपासनेत आली. ५ मार्च १९६७ च्या पवित्र संगीतावरील सूचनापत्राने आणखी एक स्पष्ट मर्यादा घातली. वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, परंतु शब्द ऐकू येणे कठीण होईल इतके त्यांनी आवाजाला झाकू नये. धर्मगुरू मोठ्याने प्रार्थना म्हणत असताना वाद्ये शांत असावीत. त्या आजींनी हे सूचनापत्र वाचलेले नव्हते, परंतु त्यांची तक्रार तंतोतंत त्यातलीच होती.

रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेनुसार आगमनकाळात वाद्यांचा वापर संयमाने व्हावा आणि प्रायश्चित्तकाळात, चौथा रविवार व मोठे सण वगळता, वाद्ये केवळ गायनाच्या आधारासाठी असावीत. म्हणून यंत्रात शंभर नाद साठवण्याऐवजी चार पुरेसे आहेत. पहिला, प्रतिसाद स्तोत्रासाठी अत्यंत स्वच्छ आणि हळू. दुसरा, प्रवेशगीत आणि अर्पणगीत यांच्या साथीसाठी थोडा भरीव. तिसरा, सणाच्या ग्लोरियासाठी आणि समापनगीतासाठी किंचित धार असलेला. चौथा, ख्रिस्तप्रसादानंतरच्या चिंतनासाठी मृदू. या चारही नादांच्या आवाजाची पातळी कानांनी ऐकून सारखी करून ठेवावी, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर जाताना कोणी दचकणार नाही. प्रायश्चित्तकाळात तिसऱ्याला विश्रांती द्यावी. सर्व नादांची एक प्रत संगणकावर जपून ठेवावी.

समारोप

त्या शनिवारी आम्ही नवे काहीही विकत घेतले नाही. कॅबिनेटची नोंद बदलली, गेन निम्मा केला, रिव्हर्ब बंद केला, वरची आणि खालची बाजू कापली, वायर योग्य जागी लावली. सगळे एकदम साधले असेही नाही. पहिल्या रविवारी गिटार फार हळू झाली आणि गायक मुलींनी तक्रार केली. पुढच्या रविवारी ती थोडी वाढवली. परिषदेने आपला निर्णय तीन महिने पुढे ढकलला आणि नंतर तो विषय पुन्हा चर्चेला आलाच नाही.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या धर्मग्रामात गेलो, तेव्हा त्याच आजी भेटल्या. आम्ही मुद्दाम विचारले, "आता गिटार कशी वाटते?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "गिटार होती का आज? मी आपली स्तोत्र म्हणत होते." हे उत्तर त्या युवकाला सांगावे की नाही, असा आम्हाला प्रश्न पडला. शेवटी सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे बरोबर लागली, फादर."

ज्या प्रमुख धर्मगुरूंपुढे अशी तक्रार येईल, त्यांना आमची नम्र विनंती आहे की, बंदीचा ठराव करण्यापूर्वी एक दुपार त्या मुलांसोबत चर्चमध्ये घालवावी. आणि युवकांना विनंती अशी की, यंत्राच्या पडद्याकडे पाहण्यापूर्वी एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. तेथे जी आजी बसते, तिला शब्द ऐकू आले पाहिजेत. संत सिसिलियाच्या मध्यस्थीने आपल्या सर्व गायकवृंदांची सेवा प्रभूच्या गौरवासाठी फलद्रूप होवो, ही प्रार्थना.